सकाळी सपाट, संध्याकाळी नगारा: रोज फुगणाऱ्या पोटाचा माग कसा काढायचा

सकाळी उठलं की पोट एकदम जागेवर, पँट नीट बसतेय, आणि संध्याकाळचे सहा वाजले की तेच पोट तट्ट, टिचकी मारली तर डब्ब असा आवाज, मग पँटचं बटण काढायचं, वरून शर्ट बाहेर सोडायचा आणि कोणी आलं तर खुर्चीतून पटकन उठायचं नाही. हे माझं जवळजवळ दीड वर्ष चाललं होतं. मधे दहा-बारा दिवस बरे जायचे, वाटायचं सुटलो एकदाचे, की परत सुरू. ज्यांचं असंच येतं-जातं चाललंय त्यांच्यासाठी लिहितोय. एखाद्या दिवशी जेवण जास्त झालं म्हणून पोट जड झालं असेल तर जरा चालून या, एवढं सगळं वाचायची गरज नाही.

आधी एक सांगतो म्हणजे पुढचं लागेल. आपण सगळ्याला सरसकट "गॅस झालाय" म्हणतो आणि गॅसचं औषध घेतो, गाडी तिथंच चुकते. पोट फुगण्यामागे निदान पाच वेगळ्या भानगडी असू शकतात: गिळलेली हवा, मोठ्या आतड्यात जंतूंनी अन्न आंबवून केलेला वायू, पुढे न सरकलेला मळ, अंगात धरून ठेवलेलं पाणी, आणि पाचवी म्हणजे गॅस चारचौघांएवढाच पण आतडं जास्त हळवं. प्रत्येकाचा इलाज वेगळा आणि एकाचा इलाज दुसऱ्याला चक्क उलटा पडतो. माझं दीड वर्ष आजार म्हशीला आणि औषध पखालीला असंच गेलं.

काय काय करून बघितलं ते सांगतो, कारण तुम्हीही यातलं निम्मं केलेलं असणार.

पहिल्यांदा सिमेथिकोनच्या चघळायच्या गोळ्या. या गॅस नाहीसा करत नाहीत हे मला फार उशिरा कळलं. पोटात फेसासारखे बारीक बारीक बुडबुडे असतात ते फोडून त्यांचा मोठा बुडबुडा करायचा, म्हणजे तो ढेकरेतून नाहीतर खालून सहज निघावा, एवढंच त्यांचं काम. अंगात शोषल्या जात नाहीत त्यामुळे सहसा त्रासही होत नाही, काहींना बरं वाटतं, मला दोन दिवस वाटलं आणि मग नाही. त्यानंतर खायचा सोडा पाण्यात घालून. हे मात्र खरंच करू नका. सोडा पोटातल्या आम्लात गेला की कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे आधीच फुगलेल्या पोटात आपण आणखी वायू भरतो, मग हा भलामोठा ढेकर येतो आणि वाटतं मोकळं झालं, पण तो ढेकर त्या सोड्याचाच असतो! शिवाय भरपूर सोडियम पोटात जातं, ब्लड प्रेशर किंवा किडनीवाल्यांना ते चालत नाही, आणि गच्च जेवणावर भसाभस सोडा घेऊन जठर फाटल्याच्या केसेस वैद्यकीय जर्नल्समध्ये छापून आलेल्या आहेत. क्वचित होतं, पण होतं.

मग कोणीतरी म्हणालं फायबर कमी पडतंय. आणली पावडर, आणि पहिल्याच रात्री दोन मोठे चमचे. डब्यावर घटक वाचले असते तर बरं झालं असतं, त्यात होतं इन्युलिन, चिकोरीच्या मुळापासून काढतात ते. इन्युलिन म्हणजे आतड्यातल्या जंतूंची मेजवानी. त्या रात्री पोटात जे काही गुडगुडत होतं त्याने बायकोची झोप मोडली. आणि चौथा उपाय म्हणजे पेपरमिंटचे शुगर-फ्री गम आणि गोळ्या, पुदिना पोटाला चांगला म्हणतात ना, म्हणून जेवल्यावर दोन, दुपारी दोन, मग सवयच लागली. चोर इथंच बसला होता, पण तो सापडायला वही लागली.

वही आणि टेप

शिवणकामाचा कापडी टेप घ्या. बेंबीच्या रेषेत, उभं राहून, श्वास सहज सोडल्यावर पोटाचा घेर मोजायचा, सकाळी संडासला जाऊन आल्यावर एकदा आणि रात्री झोपताना एकदा. हे खूळ वाटेल पण याने एक मोठा प्रश्न सुटतो: पोट खरंच फुगतंय की नुसतं फुगल्यासारखं वाटतंय. दोन्ही त्रास खरेच आहेत, पण वेगळे आहेत. माझं पहिल्या आठवड्यात सकाळी 84 आणि रात्री 90-91 सेंटिमीटर येत होतं. काहींचं सकाळ-संध्याकाळ एक-दोन सेंटिमीटरचाच फरक दाखवतं पण आतून मात्र पोट फाटेल असं वाटत असतं, त्यांनी पुढे श्वासाचं लिहिलंय ते आधी वाचावं.

वहीत चार गोष्टी: काय खाल्लं आणि किती वाजता, पोट कधी फुगलं, कुठे फुगलं म्हणजे बरगड्यांखाली की बेंबीच्या खाली, आणि संडास कशी झाली. "खाल्लं" यात प्यायलेलं, चघळलेलं आणि गोळ्या-औषधं सगळं आलं. पाळी येणाऱ्यांनी तारीख पण लिहा. दोन आठवडे नुसतं लिहायचं, काहीही बदलायचं नाही. मला हेच सगळ्यात अवघड गेलं, तिसऱ्या दिवसापासून हात शिवशिवायला लागले की दूध बंद करू का, गहू बंद करू का. तीन गोष्टी एकदम बंद केल्या आणि बरं वाटलं तर कशाने वाटलं ते आयुष्यभर कळणार नाही, आणि मग माणूस तिन्ही बंद करून बसतो.

आता वही वाचायची कशी. खाता खाता किंवा जेवून उठल्यावर अर्ध्या तासात, वरच्या बाजूला फुगतंय, ढेकरा येतायत, तर ते बहुतेक गिळलेली हवा, फसफसणारी ड्रिंक्स, नाहीतर जेवणच फार तेलकट आणि जास्त, कारण तुपा-तेलाने जठर रिकामं व्हायला वेळ लागतो. दोन ते सहा तासांनी, बेंबीखाली, गुडगुड करत आणि खालून वारा सरतोय तर ते आंबणं, मोठ्या आतड्यातलं. सकाळी ठीक आणि दिवसभर थोडं थोडं चढत रात्री कळस, तर मळ अडकलेला आहे का ते आधी बघा. महिन्याच्या ठरावीक दिवसांतच होतंय तर हार्मोन्स. आणि जे सकाळी पण उतरत नाही, आठवडेच्या आठवडे तसंच आहे किंवा वाढतच चाललंय, त्यावर घरी खेळत बसायचं नाही, डॉक्टर.

यात एक फसगत आहे. जेवण जठरात पडलं की मोठ्या आतड्याला हालचालीचा हुकूम सुटतो, त्यामुळे आत्ता दुपारच्या जेवणानंतर जे गुडगुडतंय ते बऱ्याचदा सकाळच्या किंवा काल रात्रीच्या खाण्याचं असतं. बिचाऱ्या समोरच्या ताटावर खापर फोडू नका, आधीच्या दोन खाण्यांपर्यंत वहीत मागे जाऊन बघा.

चोर सापडला

माझ्या वहीत दोन आठवड्यांनी काहीच दिसेना. साधं जेवण, जड जेवण, फुगायचं ते फुगायचंच. एका रविवारी बायकोने वही चाळली आणि म्हणाली, "यात तू दिवसभर जे चघळत असतोस ते कुठंय?" म्हटलं ते काय खाणं आहे का. "गाईसारखा रवंथ चालू असतो तुझा, खिसे बघ." खिशातून आणि बॅगेतून मिळून एका दिवसाचे कागद निघाले चौदा. पाकीट उलटं केलं, मागे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत सॉर्बिटॉल, माल्टिटॉल, झायलिटॉल आणि त्याखाली चक्क "अतिसेवनाने जुलाब होऊ शकतात". इतके महिने हे मी पोटाचं औषध म्हणून खात होतो.

काय होतं बघा, हे जे "-टॉल" वाले गोड पदार्थ आहेत ते लहान आतड्यात अर्धवटच शोषले जातात. उरलेले पुढे जाताना पाणी ओढून घेतात आणि मोठ्या आतड्यात गेले की जंतू त्यांच्यावर तुटून पडतात, त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेन. हे तिन्ही वायू बिनवासाचे, वास येतो तो गंधकवाल्या वायूंचा, आणि ते अगदी थोडे असतात. सॉर्बिटॉल दिवसाला 10 ग्रॅमच्या आसपास गेलं की बऱ्याच जणांचं पोट फुगतं आणि 20 च्या वर गेलं की जुलाब लागू शकतात. एका गममध्ये साधारण ग्रॅम-सव्वा ग्रॅम धरला तरी चौदाचे किती झाले ते तुम्हीच करा. लेबलवर नाव नसून नंबर असेल तर ई 420 म्हणजे सॉर्बिटॉल, 421 मॅनिटॉल, 965 माल्टिटॉल, 967 झायलिटॉल. शुगर-फ्री चॉकलेट, प्रोटीन बार, कफ सिरप, व्हिटॅमिनच्या चघळायच्या गोळ्या, कुठेही असतात. वर गम चघळताना आपण सारखी लाळ गिळतो आणि प्रत्येक घोटाबरोबर थोडी हवा. म्हणजे दोन्हीकडून मार.

बंद केलं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून रात्रीचा आकडा 87-88 यायला लागला. फरक होता, पण पूर्ण नाही.

"रोज होते की!"

उरलेलं दुखणं मी मान्यच करत नव्हतो. डॉक्टरांनी तपासताना डाव्या बाजूला खाली दाबलं आणि विचारलं, पोट साफ होतं का. म्हटलं रोज होते की. ते म्हणाले, "रोज जाता ते कळलं, पण पूर्ण होते का? परत जावंसं वाटतं का? कशी होते, सलग की लेंड्यांसारखी?" आता काय सांगणार. लेंड्यांसारखी, कुंथून, आणि वीस मिनिटं मोबाईल घेऊन बसून.

रोज जाणं म्हणजे बद्धकोष्ठ नाही असं अजिबात नसतं. मोठ्या आतड्यात मळ साठून राहिला की एक तर जंतूंना आंबवायला जास्त वेळ मिळतो, दुसरं म्हणजे गॅसला पुढे सरकायला वाट राहत नाही. आणि अशा वेळी वरून फायबर ओतलं की तुंबलेल्या नळात अजून कचरा टाकल्यासारखं होतं, माझ्या त्या दोन चमच्यांचं तेच झालं होतं.

काय केलं ते सांगतो. सकाळी काहीतरी खाऊन गरम काहीतरी पिऊन मग दहा-पंधरा मिनिटांनी जायचं, घाई आली नाही तरी जाऊन बसायचं, कारण मघाशी सांगितलेला तो हुकूम सकाळच्या खाण्यानंतर सगळ्यात जोरात सुटतो. कमोडवर बसत असाल तर पायाखाली वीतभर उंचीचं स्टूल, गुडघे कमरेपेक्षा वर, जरा पुढे वाकायचं, याने गुदाशयाचा कोन सरळ होतो आणि कुंथावं लागत नाही. मोबाईल बाहेर. दहा मिनिटांत नाही झाली तर उठायचं, बसून राहायचं नाही. आणि घाई आली की दाबून ठेवायची नाही, मीटिंग असो नाहीतर काही असो.

फायबर मी परत सुरू केलं पण यावेळी इसबगोल, तेही सुरुवातीला अर्धा छोटा चमचा, मोठा ग्लासभर पाण्यातून, आणि दर चार-पाच दिवसांनी थोडं वाढवत. इसबगोल पाणी धरून मऊ चिकट होतं पण जंतूंना ते फारसं आंबवता येत नाही, त्यामुळे इन्युलिनपेक्षा गॅस बराच कमी. पाणी कमी घेतलंत तर मात्र तेच घट्ट होऊन अडकतं, आणि गिळायला त्रास असलेल्यांनी घेऊच नये. किवी खाऊन पण बघण्यासारखं आहे, रोज दोन हिरव्या किवींनी बद्धकोष्ठात फरक पडल्याचं चाचण्यांमध्ये दिसलंय. दिवसाचं एकूण फायबर मोठ्या माणसाला 25 ग्रॅम तरी हवं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, पण 10 वरून 25 वर एका आठवड्यात उडी मारायची नाही, महिनाभर घ्या. तीन आठवड्यांनी माझा रात्रीचा आकडा 86 वर आला आणि तिथंच थांबला. दोन सेंटिमीटर सगळ्यांचंच वाढतं, जेवलेलं कुठंतरी जाणारच.

खाण्यापिण्याचं काय

तुमचा चोर गम नसेलही. मग वहीत हे शोधा.

दूध. जगातल्या साधारण दोन-तृतीयांश मोठ्या माणसांमध्ये दुधातली साखर, लॅक्टोज, पचवणारं एन्झाइम लहानपणापेक्षा कमी झालेलं असतं, म्हणजे हा रोग वगैरे नाही, जास्त लोक असेच असतात. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. ग्लासभर दुधात 12 ग्रॅमच्या आसपास लॅक्टोज असतं आणि तेवढं एका वेळी, खास करून जेवणासोबत, बऱ्याच जणांना चालून जातं. त्यामुळे चहातलं दूध बंद करून काही होत नसतं. दह्यात विरजणाच्या जंतूंनी बरीच मदत केलेली असते, जुन्या कडक चीजमध्ये तर लॅक्टोज जवळजवळ नसतंच. दहा दिवस दूध बंद, मग एक दिवस रिकाम्यापोटी दोन ग्लास पिऊन बघा, दोन-तीन तासांत उत्तर मिळतं.

कडधान्यं. यातल्या रॅफिनोज, स्टॅकिओज या साखरा तोडायचं एन्झाइम माणसाच्या आतड्यात नाहीच, कोणाच्याच नाही, त्यामुळे "मला राजमा बाधतो" यात कमीपणा काही नाही. आठ-बारा तास भिजवून ते पाणी फेकून द्या आणि नव्या पाण्यात एकदम मऊ शिजवा, साखरांचा बराचसा भाग त्या फेकलेल्या पाण्यात जातो. डब्यातली शिजवलेली असतील तर तो चिकट रस्सा ओतून धुवून घ्या. अल्फा-गॅलॅक्टोसिडेज नावाच्या एन्झाइमच्या गोळ्या मिळतात, पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या, नंतर घेऊन उपयोग नाही.

कांदा, लसूण, गहू. तिघांत फ्रुक्टन, म्हणजे आपल्याला न पचणाऱ्या आणि जंतूंनी आंबवलेल्या साखरेच्या साखळ्या. गहू सोडून ज्यांना बरं वाटतं त्यातल्या बऱ्याच जणांना ग्लुटेन म्हणजे गव्हातलं प्रथिन नाही, हे फ्रुक्टन त्रास देत असतं. पण थांबा, सीलिअ‍ॅक नावाचा, ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार खरा आहे, जगात शंभरात साधारण एकाला असतो, आणि त्याची रक्ततपासणी गहू खात असतानाच बरोबर येते, आधीच बंद केलात तर रिपोर्ट खोटा नॉर्मल येऊ शकतो. म्हणून आधी टेस्ट, मग प्रयोग. लसणाची एक गंमत सांगतो: फ्रुक्टन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. त्यामुळे गरम तेलात लसणाच्या अख्ख्या पाकळ्या परतून पाकळ्या बाहेर काढून टाकल्या तर वास-चव राहते आणि पोट फुगत नाही. रश्श्यात शिजवून काढल्या तर मात्र फ्रुक्टन रश्श्यात उतरलेलं असतं. आणि ते लसणाचं तेल त्याच दिवशी वापरा, बाटलीत भरून ओट्यावर ठेवू नका, त्यात बोटुलिझमचे जंतू वाढू शकतात.

सफरचंद, नासपती, फ्लॉवर, मश्रूम यांत तीच "-टॉल" कंपनी किंवा जास्तीचं फ्रुक्टोज असतं. या सगळ्या गटाला मिळून फॉडमॅप म्हणतात, मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या लोकांनी 2005 च्या सुमाराला हे नाव आणलं. हे सगळे पदार्थ बंद करायचं जे डाएट आहे त्याबद्दल एकच सांगतो, कारण लोक अर्धंच ऐकतात: ते दोन ते सहा आठवड्यांपुरतं कडक पाळायचं असतं, नंतर एकेक गट परत आणून बघायचा असतो. जन्मभर पाळायचं नाही, चांगल्या जंतूंची उपासमार होते आणि खाणं पार आक्रसून जातं. शक्यतो डाएटिशियनला धरून करा, आणि आधीच वजन कमी असेल किंवा खाण्याबद्दल मनात भीती बसलेली असेल तर करूच नका.

फसफसणारी ड्रिंक्स तर साधा हिशोब आहे, 330 मिलीच्या कॅनमध्ये लिटरभराच्या आसपास कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. बराचसा ढेकरेतून जातो, स्ट्रॉने प्यायलात तर आणखी हवा फुकट. घाईघाईने जेवणं, जेवताना बडबड, सिगारेट, सैल कवळी हे सगळे हवा गिळायचेच प्रकार. मिठाने पाणी धरतं, पॅकेटमधलं खाणं कमी करा. पाळीच्या आधीच्या आठवड्यात प्रोजेस्टेरॉनमुळे आतडं सुस्तावतं आणि अंगात पाणी धरतं, पाळी सुरू झाली की उतरतं. त्या आठवड्यात नवीन प्रयोग करून निष्कर्ष काढू नका. औषधांमध्ये मेटफॉर्मिन, लोहाच्या गोळ्या, लॅक्टुलोज, वजन कमी करायची इंजेक्शनं, कोडीनसारखी वेदनाशामकं, यांनी पोट फुगू शकतं, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

आत्ता फुगलंय, आत्ता काय?

चाला. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं, फार जोरात नाही. बार्सिलोनाच्या संशोधकांनी आतड्यात मुद्दाम वायू सोडून मोजलं होतं, हलक्या व्यायामाने तो लवकर बाहेर पडतो आणि आडवं पडण्यापेक्षा उभं असताना जास्त चांगला सरकतो. म्हणजे पोट फुगलं की सोफ्यावर पडून कण्हायचं, हे नेमकं उलटं. चालून झालं की मग पाठीवर झोपून गुडघे छातीशी, पवनमुक्तासन, नावातच सगळं आलं, त्यामुळे एकांतात करा. पोट चोळायचं तर दिशेला महत्त्व आहे: उजवीकडे खालून सुरू, वर बरगडीपर्यंत, आडवं डावीकडे, मग डावीकडून खाली, मोठं आतडं तसंच वळलेलं असतं. पाच-सात मिनिटं, हलका दाब, दुखत असेल तर नाही. गरम पाण्याची पिशवी पण चालते, कळ कमी होते.

पुदिन्याचं तेल खरंच काम करतं, आतड्याचे स्नायू सैल करतं, पण त्याच्या कॅप्सूल मिळतात आतड्यात जाऊन विरघळणाऱ्या, त्या. छातीत जळजळ होणाऱ्यांना त्याने जास्त जळजळू शकतं, आणि माझ्यासारखं शुगर-फ्री गमला पुदिना समजू नका. कोळशाच्या म्हणजे चारकोलच्या गोळ्या मी घेतल्या नाहीत, त्या इतर औषधंही शोषून घेतात, रोजची औषधं चालू असतील तर नकोच.

आणि वारा सरत असेल तर सरू द्या. दिवसाला दहा ते वीस वेळा पादणं हे नॉर्मल आहे, चारचौघांत दाबून ठेवलेलं कुठे जात नाही, आतच फिरतं.

श्वासाचं. ज्यांना टेपवर फरक कमी दिसतो पण त्रास खूप, किंवा दोन घास खाल्ले तरी पोट पुढे येतं, त्यांच्या बाबतीत बऱ्याचदा गॅस जास्त नसतोच. आतड्याच्या नसा जास्त हळव्या असतात, आणि काहींमध्ये जेवल्यावर श्वासपटल खाली दाबलं जातं आणि पोटाचे पुढचे स्नायू सैल सुटतात, व्हायला हवं याच्या उलट. त्यामुळे पोट खरंच पुढे येतं, गॅस न वाढता. याला सावकाश पोटाने श्वास घेणं उपयोगी पडतं: एक हात छातीवर, एक पोटावर, छातीवरचा हात हलू द्यायचा नाही, चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाच-दहा मिनिटं, जेवणाआधी आणि नंतर. दोन-तीन आठवडे रोज केलं तर कळतं. टेन्शनच्या दिवसांत पोट जास्त का फुगतं याचं थोडं उत्तर इथंच आहे, आतडं आणि मेंदू एकमेकांशी सारखे बोलत असतात.

वही मिटून डॉक्टरकडे कधी

पोट फुगलंय, खूप दुखतंय, उलट्या होतायत आणि वारा-संडास दोन्ही बंद झालंय, तर आतडं अडकलेलं असू शकतं, तसंच उठून हॉस्पिटल. वरच्या पोटात दाबल्यासारखं आणि त्याबरोबर घाम, दम, जबडा किंवा हात दुखणं, याला गॅस म्हणून सोडून देऊ नका, हार्ट अ‍ॅटॅक असाही येतो. काही न करता वजन उतरणं, संडासात रक्त किंवा डांबरासारखी काळी संडास, ताप, कावीळ, रक्त कमी होणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं किंवा जुलाब, यातलं काही असेल तर थांबायचं नाही. आणि बायकांसाठी वेगळं सांगतो: पन्नाशीच्या आसपास किंवा पुढे, पोट फुगायचा त्रास नव्याने सुरू झालाय, महिन्यात बारा-बारा दिवस होतोय, थोड्याशा खाण्याने पोट भरतंय, सारखी लघवीला होतंय, तर अंडाशयाची तपासणी करून घ्या. ओव्हरीच्या कॅन्सरची सुरुवात अशीच "गॅस"सारखी असू शकते आणि बऱ्याच जणींचे त्यात महिने जातात.

माझं आता बरं आहे, टेप कपाटाच्या खिळ्याला लटकलाय. मागच्या महिन्यात चार दिवस परत रात्री 90. वही काढली, गम नाही, दूध तेवढंच, संडास व्यवस्थित, काही सापडेना. मग आठवलं, सर्दी झाली होती आणि दिवसभर खोकल्याच्या गोळ्या चोखत होतो. पाकीट उलटं केलं. शुगर-फ्री, आयसोमाल्ट, ई 953, म्हणजे तीच "-टॉल" कंपनी. त्या दिवसाच्या नोंदीत लिहून ठेवलंय, बायकोला अजून सांगितलेलं नाही.